नऊ छर्रे



आमच्या बालाघाटच्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटींसाठी एक सायकल आहे. ती बहुतेक एकाच ताई चालवतात. भरवेलीच्या मँगनीज खाणीकडे त्यांच्या फेऱ्या असतात. वाटेवरची धूळ आत शिरून मागचं चाक करकरू लागलं, तेव्हा शनिवारी आम्ही तिघांनी ते उघडलं.

एका बाजूचा नट आणि कोन सोडवून एक्सल ओढला. पाव इंची छर्रे कापडावर घेतले, प्रत्येक बाजूचे 9. घासलेटने धुताना एक गवतात हरवला. त्याच्या जागी नवा आणला, वाटीत ग्रीस भरून छर्रे बसवले, चाक जोडलं. कोन आवळला तर चाक अडके, सैल केला तर रिम डावीउजवीकडे हले.

शेवटी मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "एक नाही, सगळे बदला." जुने छर्रे झिजून केसभर लहान झालेले असतात. एक्सलचं ओझं खालच्या छऱ्यांवर येतं. चाक फिरतं तसे ते पुढे सरकतात आणि दुसरे त्यांच्या जागी येतात. पण मोठा छर्रा खाली आला की शेजाऱ्यांचंही ओझं तोच घेतो. मग तो फुटतो, वाटीलाही खड्डे पाडतो.

आम्ही गप्प झालो. दोन महिन्यांपासून ताई थकलेल्या दिसत होत्या. उपासनेत आम्ही त्यांचे आभार मानले, टाळ्या वाजवल्या. त्यांची एक फेरी मात्र कुणी घेतली नाही.

गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि थोडं पुढे प्रत्येकाने आपलाही भार वाहावा असं म्हणतो. ही दोन वचनं आम्हाला उलटसुलट वाटत. त्या दिवशी चाकात दोन्ही एकत्र दिसली: आपली पाळी आली की भार घ्यायचा, आणि दुसऱ्याला त्याची पाळी घेऊ द्यायची.

नव्या छऱ्यांवर चाक आता आवाज न करता फिरतं. रविवारी आम्ही ताईंची क्षमा मागितली आणि भेटींसाठी नावं विचारली. पाच आली आहेत. तुमचं नाव त्यांत आहे का?

प्रभो, कौतुक करून मोकळे होण्यापासून आम्हाला राख. आमेन.