मंदिरातून अंगणात

आईच्या लाकडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, मांजरपाटाची एक पिशवी आहे. उलटी केली की फरशीवर चिंचोके, सागरगोटे, रिठ्याच्या बिया आणि मूठभर शिंपले घरंगळतात. आई बालवाडीची बाई होती आणि हे तिचं शिकवण्याचं सामान. चार वर्षांचं पोर पुढ्यात मांडी घालून बसायचं आणि एका करवंटीत चिंचोके, दुसरीत रिठे, तिसरीत शिंपले असं निवडत राहायचं. मध्येच एखादं पोर सागरगोटा फरशीवर खसाखसा घासून शेजारच्याच्या दंडाला चटका द्यायचं. आई रागवायची नाही. "गरम कशानं झाला रे?" एवढंच विचारायची.

ती कधी "शाळेत जाते" म्हणाली नाही. "वाडीत जाते" म्हणायची. त्या शब्दाला केवढा प्रवास करावा लागला, हे मला फार उशिरा कळलं.

प्रवास सुरू होतो भावनगरात. गिजुभाई बधेका वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि याला वाढवायचं कसं या काळजीनं ते वाचू लागले. वाचता वाचता मारिया माँटेसरीपाशी पोचले. वकिली सुटली. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १ ऑगस्ट १९२० ला बालमंदिर सुरू केलं. छडीवाचून विद्या येत नाही असं घरोघर मानलं जाण्याचा तो काळ. तिथे हा भरघोस मिशांचा माणूस जमिनीवर बसून पोरांना गोष्टी सांगत होता. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणू लागले, मिशावाली आई. शाळेला मंदिर म्हणायचं, म्हणजे आत येणारं मूल हाच देव. शब्द सुंदरच आहे. पण देवळाला उंबरठा असतो, पायऱ्या असतात, आणि आपल्याकडे त्या पायऱ्या सगळ्यांना चढू दिल्या जात नव्हत्या, हे विसरता येत नाही.

ताराबाई मोडक या मंदिरात आल्या त्या राजकोटची मोठी नोकरी सोडून. जन्म मुंबईचा, १८९२ चा; १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या; राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. तेव्हा हाताशी लहानगी लेक होती. इतकं सगळं मिळवलेल्या बाईनं तीन-चार वर्षांच्या पोरांमध्ये येऊन बसणं अनेकांना खुळेपणा वाटला असेल. मला त्यातच त्यांची खरी उंची दिसते. १९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, 'शिक्षणपत्रिका' चालवली, आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. मंदिराचा आता विहार झाला. देव पायऱ्या उतरून खेळायला निघाला.

तरी मुलं होती ती शहरातल्या पांढरपेशा घरांतली. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणूकडच्या बोर्डी गावाला गेल्या. घोलवड स्टेशनाला उतरायचं, चिकूच्या बागांमधून चालत जायचं, पुढे सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. साल १९४५. याच वर्षी याच मुलखात गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्यांबरोबर वारली आदिवासी माणूस वेठीविरुद्ध उभा राहत होता. मोठी माणसं मळे-जंगलांमध्ये मान वर करत होती, तेव्हाच त्यांच्या लहानग्यांच्या अंगणात कुणीतरी जाऊन बसत होतं. या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या धरू शकलो नाही.

ताराबाईंच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षण, पुण्यात हुजूरपागेची नोकरी. आणि ती सोडून बोर्डी. १९९२ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या.

बोर्डीत माँटेसरीचे गुळगुळीत रंगवलेले ठोकळे परवडणारे नव्हते. मग किनाऱ्यावरचे शिंपले आले, झाडाखालच्या बिया आल्या, खडे, पानं, काड्या आल्या. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हे सगळं त्यांच्यातच होतं. मुलांना आधी अंघोळ घालावी लागे, डोकी विंचरावी लागत, नखं कापावी लागत; तीही शाळाच. आणि मुलं येईनात तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच उचलली आणि पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात मांडली. अशी अंगणवाडी झाली. बालवाडी हा शब्द ताराबाईंनीच रूढ केला. वाडी म्हणजे वस्ती आणि वाडी म्हणजे बागही. डहाणूकडे ज्याच्या चिकूच्या वाड्या आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. थोरली पोर येत नाही, कारण धाकट्याला सांभाळायचंय? मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात. गुराखी येत नाही, कारण गुरं आहेत? मग शाळा गुरांमागे, कुरणात. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि सावलीला अक्षरं चालली आहेत, हे चित्र मनात आलं की आजही गळा दाटून येतो. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गावोगाव गेलं.

आईनं बालवाडीचं शिक्षण घेतलं ते कोसबाडला. पिशवीतले शिंपले तिनं बोर्डीच्या किनाऱ्यावर वेचलेले. ते घेऊन ती आमच्या उसाच्या मुलखात आली आणि मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर तिनं वाडी मांडली.

आता मात्र आमच्या शहरातल्या एका शाळेनं गेल्या वर्षी माझ्या तीन वर्षांच्या नातीला रंगांची नावं इंग्रजीत विचारली. पोर गप्प राहिली, म्हणून प्रवेश नाकारला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षांचं मूल नापास होऊ शकतं, ही कल्पनाच मला पापासारखी वाटते.

आई निवृत्त झाली तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं. त्याच दिवाळीनंतर गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली. आई रोज सकाळी पिशवी घेऊन निघायची. आईबाप पहाटेच फडात गेलेले असायचे आणि पाचटाच्या कोपीबाहेर पोरं धुळीत बसलेली असायची. तीही धुळीत बसायची. होळीच्या सुमाराला टोळी गेली. घरी येऊन तिनं पिशवी रिकामी केली, मोजलं. पाच सागरगोटे कमी होते.

"नेले असतील," आई म्हणाली. मग चपला सरकवून, कालव्याच्या कडेच्या काटेरी जाळीत नव्या शेंगा वाळल्यात का ते बघायला निघाली.