जे दवाखान्यात आलेच नाहीत…

तंजावूरला गेलेला मराठी माणूस आधी बृहदीश्वराचे दर्शन घेतो, मग राजवाड्यात येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत हे ऐकून त्याची छाती फुगते, सरफोजीराजांच्या पुतळ्यापाशी तो क्षणभर थांबतो आणि मग सगळी मंडळी कॉफीच्या शोधात बाहेर पडतात. याच ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांची जुनी टिपणे जपून ठेवली आहेत, हे बहुतेकांच्या गावीही नसते. रुग्णाची तक्रार काय, उपचार कोणते केले, पुढे काय झाले, आणि सोबत चक्क त्या डोळ्याचे चित्र! काळ कोणता, तर एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध.

सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तो मुख्यतः किल्ला आणि तनखा. असे संस्थानिक पुढे काय करीत, हे इतिहासात पुष्कळ वाचायला मिळते. सरफोजींनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला आणि धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती वैद्यक एकाच छपराखाली नांदत होते. गुण आलेले उपचार लिहून ठेवले जात. पुढे ते तमिळ पद्यातही बांधले गेले, ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने. पद्य पाठ होते आणि पाठ झालेले औषध घरोघर पोचते. युक्ती साधी, पण कुणाला तरी ती सुचावी लागते.

आता जरा आजच्या घरात येऊ. एमबीबीएस झालेली मुलगी जाहीर करते, “मला सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय.” घर गप्प! आत्याबाई विचारतात, “म्हणजे गं? दवाखाना नाही घालणार?” वडील मनातल्या मनात फीचा हिशेब करतात. त्यांची काळजी खोटी नाही. ‘सर्जन’ म्हटले की लोकांना कळते, ‘साथरोगशास्त्र’ म्हटले की सांगत बसावे लागते. खुद्द मेडिकल कॉलेजातही हा विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकण्याचा, असाच समज फार. मग दोन-तीन वर्षे संख्याशास्त्राशी झटापट करून ती शिकणार तरी काय?

शिकणार एक वेगळी मोजणी. डॉक्टर मोजतो ते दारात आलेले रुग्ण. या शास्त्राला चिंता असते ती दारात न आलेल्यांची. शंभर मुले दवाखान्यात आली आणि नव्वद बरी झाली, तर आनंदच आहे. पण गावात मुले किती, आजारी किती पडली आणि वाटेतच किती गेली? हे शेवटचे आकडे कुठल्याच केसपेपरावर नसतात.

या प्रश्नासाठी राजवाड्याबाहेर पडून रामेश्वरच्या वाटेला लागले पाहिजे. या वाटेवर तंजावूरच्या राजांनी छत्रे बांधली होती. १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत, अशी विनवणी केली. तिथे काय चालते तेही त्यांनी कळवले. ब्राह्मणापासून सर्वांत खालच्या मानलेल्या जातीपर्यंत, आणि कुठल्याही धर्माच्या, वाटसरूला तिथे अन्न मिळे. कुणी आजारी पडला तर औषध, पथ्याचे जेवण आणि बरे होईपर्यंत देखभाल. अडलेल्या गर्भवतीचे बाळंतपण. वाटसरू तिथेच मेला, तर त्याच्या पोरक्या लेकरांचा सांभाळ. शिवाय सर्पविषावर इलाज करणारा वैद्य. राजवाड्यापर्यंत जो कधीच पोचला नसता, त्याच्या वाटेवर औषध नेऊन ठेवले होते! धन्वंतरी महालाची कीर्ती मोठी खरी, पण सार्वजनिक आरोग्य शोधायचे तर ते या छत्रांत अधिक सापडते.

मात्र हे सारे एका राजाच्या मनावर उभे होते. सरफोजी १८३२ मध्ये वारले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि गादी संपली. गंमत पाहा, त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो घरोघर फिरून कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडत होता आणि एका पंपाच्या पाण्यावर बोट ठेवत होता. एकीकडे राजाश्रय संपत होता, दुसरीकडे शास्त्राचा पाया घातला जात होता.

मद्रास इलाख्याने पुढे हे काम सरकारी चौकटीत बसवले. १९२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र खाते, १९३९ मध्ये त्यासाठी कायदा. तामिळनाडूत आजही या खात्याची वेगळी फळी आहे आणि तिच्यात वर चढायचे तर या विषयातली पदव्युत्तर पात्रता लागते. आत्याबाईंना सांगायला हे बरे, तिकडे या शिक्षणाला खुर्चीही आहे.

आपल्याकडे खुर्चीची वाट न पाहणारेही निघाले. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हेच शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी गावच्या बायकांनाच आरोग्याचे धडे दिले. अभय आणि राणी बंग यांनीही तिथेच १९८४ मध्ये ही पदवी घेतली आणि ते गडचिरोलीला आले. तिथे ३९ गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली गेली. नवजात बाळे मरत होती ती घरात, दवाखान्यापासून दूर. म्हणून उपचारही घरातच न्यायचे ठरले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. बाळाचे वजन करणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या, वेळ पडली तर इंजेक्शन देणाऱ्या बायका त्याच गावातल्या होत्या. फार तर पाच-दहा इयत्ता शिकलेल्या.