नवरसपूर

बंगळूरच्या इतिहासातून विजापूर वगळता येत नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे शहर घेतले आणि त्याचा कारभार शहाजीराजांकडे आला. तरीही बंगळूरहून विजापूरला जाणारा मराठी प्रवासी गोलघुमटातला प्रतिध्वनी ऐकून परततो. शहराच्या पश्चिमेस, तोरवीजवळच्या नवरसपुराकडे त्याची पावले क्वचितच वळतात.

दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने १५९९ मध्ये ही राजनगरी वसवावयास घेतली. तिच्यातले आज थोडेच उभे आहे. संगीत महालाची मधली कमान प्रचंड रुंद, दोन्ही अंगांच्या कमानी अरुंद. विजापुरातल्या गगन महालाचीच ही घडण. त्या कमानीसमोर उभे राहिलेल्याला महालाआधी आकाश दिसते. अशा ठिकाणी कालगतीवर उसासे टाकण्याची सवय आपल्या प्रवासवर्णनांना जडली आहे. येथे ती निरुपयोगी ठरते. या नगरीला वार्धक्य आलेच नाही. १६२४ मध्ये, भातवडीच्या विजयानंतर, मलिक अंबराने ती लुटली तेव्हा ती अवघी पंचवीस वर्षांची होती. (भातवडीस शहाजीराजे अंबराच्याच बाजूने लढले होते, दख्खनच्या निष्ठांचा हा गुंता ज्याला खुपतो, त्याने सतरावे शतक वाचू नये.)

टिकला तो तिच्या नावातला शब्द. संस्कृतज्ञाला त्यात नऊ रस ऐकू येतात. फारसी जाणणाऱ्याला ‘नौ-रस’, म्हणजे नुकतेच आलेले, ताजे. इब्राहीमाला दोन्ही हवे होते. त्याच्या दख्खनी गीतसंग्रहाचे नाव ‘किताब-ए-नवरस’. फिरिश्त्याच्या इतिहासालाही ‘नवरसनामा’ हे दुसरे नाव मिळाले. रागवार मांडलेल्या त्या गीतांत सरस्वतीचे स्तवन आहे, तसे गेसूदराजांचेही. यास ‘समन्वय’ म्हणण्याचा मोह आपल्या समीक्षेला आवरत नाही. पण समन्वयापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या असाव्या लागतात. हा शब्द तर दोन्ही भाषांत एकाच वेळी उच्चारला गेला होता.

बंगळुरात शहाजीराजांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, त्यातही अनेक भाषांतील कवने एकत्र नांदतात. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो प्रकाशित केल्यापासून अभ्यासकांनी त्यात प्रामुख्याने शहाजीराजांचे चरित्र शोधले. एका मराठा सरदाराच्या दरबारी इतक्या भाषांचे कवी अवघडल्याविना कसे बसले, याची विचारणा त्यामानाने थोडी झाली. त्या उत्तराचा एक धागा तोरवीच्या माळावर सापडतो. कन्नड ‘तोरवे रामायणा’ला नाव मिळाले तेही याच गावावरून.