चकती, खुर्ची आणि सजदा

कमरेचा एमआरआय काढला की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. माझा अहवाल तर मामेभावाच्या मोबाइलवरून मालेगावपर्यंत फिरून आला. शाळेत पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा उचलताना आलेली कळ नडगीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली होती. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकून नस दाबली गेली होती.

पहिल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, हाडवैद्याकडे चल. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र फिल्म बाजूला ठेवून आधी मला तपासलं. अंगठा वर ओढता येतो का, टाचांवर चालता येतं का, लघवीवर ताबा आहे का, जांघांमध्ये बधिरपणा आहे का. “यातलं काही बिघडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाही तर सहा आठवडे शरीराला द्या.” चकतीचा बाहेर आलेला भाग बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं, हे बी.एड.ला कुणी शिकवत नाही! १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास छापून आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. हे वाचून माझी अर्धी भीती गेली.

दुखणं कमी करायच्या गोळ्या होत्याच, पण अंथरुणात पडून राहायला मनाई होती. पाच-पाच मिनिटं चालायचं, मग दहा. हे घरात पटवणं अवघड. नणंद म्हणाली, “भाभी, चालताय म्हणजे बऱ्या झालात.” म्हणजे भाकऱ्या थापायला मोकळ्या!

आजाऱ्याला शरियतची सवलत आहे. बसून, तेही जमलं नाही तर पडून, इशाऱ्याने नमाज होते. मुलीच्या अभ्यासाच्या खुर्चीवर मी पढत होते. नमाज होत होती, पण कपाळ जमिनीला लागत नव्हतं, आणि ते कायमचंच सुटलं की काय, ही धास्ती कळेपेक्षा मोठी होती. फिजिओथेरपीच्या मॅडमना संकोचत विचारलं. त्यांनी सजदा कधी जवळून पाहिला नव्हता, म्हणून मुलीने तिथेच करून दाखवला. त्या म्हणाल्या, “हे तर आपण शिकूच.” कळ ओसरल्यावर आधी पलंगाच्या कडेवर हात टेकून वाकणं, मग जमिनीवर तीन उशांवर कपाळ, मग दोन, मग एक.

तिसऱ्या महिन्यात एका फजरला उशी नव्हती. उठताना खुर्चीचा आधार मात्र अजून घेते.