मैदानात साप आला

आठवीच्या वर्गात इंग्रजीतला ‘द’ शिकवायला घेतला की मुलं पाठांतराच्या तयारीनेच बसतात. नद्यांना, समुद्रांना, पर्वतरांगांना लावायचा. एकट्या शिखराला नाही. म्हणून द गोदावरी, द हिमालयाज, पण नुसतं माउंट एव्हरेस्ट. व्हायोलिन वाजवताना हवा, क्रिकेट खेळताना नको. एवढं पाठ करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण रोजच्या वाक्यात ‘द’ कुठे घालायचा हे त्या यादीतून कळत नाही. पुस्तकातला नियम ‘ठरावीक वस्तूसाठी’ असं सांगतो. त्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, मी काल कुत्रा पाहिला, तो ठरावीकच होता की!” त्याची शंका रास्त होती. नुसतं बोलणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही. कोणता कुत्रा, हे ऐकणाऱ्यालाही कळायला हवं.

यंदा मी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली : ‘मैदानात साप आला’ आणि ‘साप मैदानात आला’. दोन्हींतला साप सारखाच का? वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पहिला आत्ताच दिसलाय. दुसऱ्याचं आधीपासून बोलणं चाललंय.” मला फार आनंद झाला. पहिला ‘अ स्नेक’, दुसरा ‘द स्नेक’! इंग्रजी जे काम एका शब्दाकडून करून घेते, ते मराठी बऱ्याचदा शब्दांच्या क्रमावर भागवते. मुलांना ही जाण घरूनच असते, मग शिकवण्याची सुरुवात तिथूनच का करू नये?

त्यानंतर उदाहरणं मुलांकडूनच येऊ लागली. दार लाव म्हटलं की कोणतं, हे कुणी विचारत नाही, म्हणून ‘द डोअर’. मावशीच्या गावी लग्नाला गेलो असं लिहिलं की नवरीची वेगळी ओळख लागत नाही; पहिल्याच उल्लेखात ‘द ब्राइड’.

आता वह्या तपासताना चुकलेल्या जागी मी नियमाचा क्रमांक टाकत नाही. समासात प्रश्न लिहिते : वाचणाऱ्याला हे आधी माहीत आहे का? बहुतेक मुलं आपणच दुरुस्त करतात. कुत्रे इमानी असतात, यासारखी सर्वसाधारण विधानं मात्र अजून अडतात. कुत्रे सगळ्यांना माहीत आहेत म्हणून मुलं ‘द डॉग्ज’ लिहितात, पण तिथे नुसतं ‘डॉग्ज’ हवं. त्यासाठी वेगळा तास ठेवला आहे.