सरांचं देणं

भाज्यासारख्या खेड्यातल्या मुलाला १९४५ सालचा फ्रेंच चित्रपट कोण दाखवणार? मला आमच्या चित्रकलेच्या सरांनी दाखवला. दहावीच्या सुट्टीत मळवलीहून लोकलने पुण्याला नेलं आणि फिल्म सोसायटीच्या खेळाला आपल्या शेजारी बसवलं. चित्रपट होता मार्सेल कार्ने यांचा ‘ले झाँफाँ द्यू पारादी’.

तीन तासांहून मोठा चित्रपट. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस, आणि गारान्सवर जीव जडलेला बाप्तिस्त हा मूकनट. खालच्या इंग्रजी ओळी मला झेपेनात, म्हणून सर कानात मराठी सांगत होते. एका प्रसंगाला मात्र ते मुद्दाम गप्प राहिले. गर्दीत एका गृहस्थाचं घड्याळ चोरीला जातं आणि आळ गारान्सवर येतो. चोरी पाहिलेला बाप्तिस्त पोलिसापुढे घडलेलं सगळं नुसत्या हावभावांनी करून दाखवतो. त्या गृहस्थाचं पोट, चोराची बोटं, गारान्सचा डौल! ती सुटते. मला अक्षर न् अक्षर कळलं होतं, आणि सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

परतीच्या गाडीत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. १९४३ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा फ्रान्स नाझी जर्मनांच्या ताब्यात होता. नेपथ्याची कल्पना आलेक्सांद्र त्राउनेर यांची आणि संगीतात वाटा जोसेफ कोस्मा यांचा. दोघंही हंगेरीत जन्मलेले ज्यू, त्यामुळे लपून काम करत. मार्च १९४५ मध्ये मुक्त पॅरिसमध्ये चित्रपट लागला, तेव्हा श्रेयनामावलीत दोघांची नावं आली, ‘लपून केलेलं काम’ अशा नोंदीसह. हे सांगताना सरांचा आवाज भरून आला होता.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला आमच्या गावची लेणी चढायला लावली. तिथे मी लहानपणापासून हुंदडत होतो, पण सूर्यगुंफेच्या व्हरांड्यातली ढोल वाजवणारी बाई आणि तिच्यापुढे नाचणारी दुसरी, या दोघींपुढे असा कधी बसलो नव्हतो. काम दोन हजार वर्षांहून जुनं. पाण्याच्या टाक्यावर दान देणाऱ्या महारठी विण्हुदत्ताचं नाव कोरलेलं आहे, स्तूपांवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं आहेत. नाचणारीचा तो वळलेला पाय ज्याने घडवला, त्याचं नाव कुठेच नाही. सरांनी मला तो पाय पुन्हा पुन्हा काढायला लावला, छिन्नी कुठून फिरली असेल ते हाताला कळेपर्यंत.

जत्रेतल्या नाटकांचे पडदे सर स्वतः रंगवत. महाल, अरण्य, नदीकाठ. कोपऱ्यात सही कधीच केली नाही, आणि नाटक मंडळाच्या पत्रकावरही त्यांचं नाव नसे.

आज मी नाटकांचं नेपथ्य करतो. प्रयोगाआधीच्या घोषणेत माझ्या नावापाठोपाठ सुताराचं आणि रंगाऱ्याचंही नाव वाचलं जावं, हा माझा हट्ट. निर्माते कुरकुरतात, घोषणा लांबते म्हणतात. लांबू दे.