बी इथलंच हवं

आवडी, चेन्नई

चि. मेघना,


गच्चीवर भाज्या लावायच्या म्हणून तू जळगावच्या भरिताच्या वांग्याचं आणि अकोले तालुक्यातल्या वालाचं बी मागवते आहेस. बी गावरान हवं, हे अगदी बरोबर. पण ते तिकडून न आणता इथलं घे, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात जपलेले वाल-घेवड्याचे वाण तिथल्या मातीत, तिथल्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. जे वेल तगले, भरभरून लागले, त्यांचंच बी पुढे पेरलं गेलं. हा गुण त्या जागेने घडवलेला आहे. आवडीचं वेळापत्रकच निराळं. आपल्याकडे मृगावर पेरतात. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, म्हणून तमिळ माणसं आडी महिन्यात, जुलैच्या मध्यापासून पेरतात. दिवस लहान होऊ लागले की अवरै, म्हणजे आपला वालच, फुलावर येतो आणि पोंगलच्या सुमाराला शेंगा देतो. जळगावच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तसं वेल्लोरच्या काटेरी वांग्यालाही आहे, आणि वेल्लोर इथून काही तासांवर.

तू म्हणशील, भरिताची चव त्या वांग्याला कुठून येणार? खरं आहे, त्या चवीसाठी जळगावच्या वांग्याची एक कुंडी जरूर ठेव. त्यातल्या सरस झाडाचं बी दरवर्षी धरत गेलीस, तर ते वांगंही हळूहळू इथे रुळेल. संकरित वाण जास्त फळतो, हा आक्षेपही खोटा नाही. पण त्याचं बी पेरलं की पुढची रोपं एकसारखी निघत नाहीत, मग दर हंगामाला पाकीट विकत घेणं आलं. घरच्या खता-औषधाचंही तसंच: जे इथे मुबलक, ते वापर. जीवामृतासाठी शेण शोधत हिंडण्यापेक्षा ओला कचरा आणि सुका पाला कुजव. नारळाचा भुसा मिसळायचा तर आधी दोन-तीनदा धुऊन त्यातला क्षार काढ. कडुनिंब इथे रस्तोरस्ती आहे. वाळलेल्या निंबोळीचा गर 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळून संध्याकाळी फवार. उन्हात त्यातला गुणकारी अंश लवकर मोडतो. किडी तडकाफडकी मरणार नाहीत, पण त्यांचं खाणं आणि वाढ खुंटते.

एका गच्चीने वाण टिकतो का, ही शंका मात्र मला खरी वजनदार वाटते. टोमॅटो, वाल बहुतेक स्वपरागी, ते सोपे. दोडका-भोपळ्यात मधमाश्या सरमिसळ करतात. मादी कळी उमलण्याआधी पिशवीत बांधून, ती उमलली की हाताने परागण करावं लागतं. शिवाय दोन-चार झाडांवरूनच वर्षानुवर्षं बी धरलं, तर वाणातली विविधता आटते. म्हणून तुमच्या इमारतीतल्या तीन-चार घरांनी एकच वाण लावावा आणि बी एकमेकांत फिरवावं. तमिळ शेजारणींना विचार, त्यांच्या गावाकडून बी मिळेल. आडी लागायच्या आत ते मिळव, आणि निरोगी झाडावरचं एक चांगलं वांगं खायला न तोडता पिवळं पडेपर्यंत झाडावरच राहू दे.

तुझी,
मावशी